वालाच्या गाठी

"खताचा काहीच उपयोग दिसत नाही," फणसे साहेब वहीवर बोट फिरवत म्हणाले. "सुपर फॉस्फेट घातलेल्या वालाच्या मुळांवरही बिनखताच्या वालाइतक्याच गाठी. महिपती, अहवालात तसंच लिहा."

रोह्याजवळच्या त्या सरकारी शेतावर धोंडुबाईचा तिसरा हिवाळा होता. भातकापणीनंतर पेरलेला वाल चाळीस दिवसांचा झाला, की रोपं ढेकळासकट खणायची, बादलीत बुडवून माती आपोआप सुटू द्यायची आणि मुळांवरच्या, हवेतलं नत्र पिकाला देणाऱ्या बारीक गाठी मोजायच्या. ती आकडा सांगे, कारकून महिपती लिही.

"सायब, तो आकडा खोटा हाय," ती म्हणाली.

महिपती चमकला. "मी बरोबर लिहिलाय!"

"तुमी बरोबरच लिवलात. मीच खताच्या वाफ्यातली रोपं खनली नाय, उपटली. पोरगी तापानं भाजत होती, घरी जायची घाई. बारीक मुळं मातीतच ऱ्हायली, गाठी पन."

साहेबांनी वही मिटली. "आता रोपं फुलावर आली. पुन्हा मोजून फायदा नाही. वर्ष फुकट गेलं, कळतंय का तुम्हाला?"

"व्हय. पन तुमी तसं लिवलंत, तर लोक वालाला खत घालायचे नायत. माजा भाऊसुदिक वालच पेरतो."

साहेबांनी त्या पानावर तांबडी रेघ मारली. "उद्यापासून येऊ नका."

वर्षभर ती दुसऱ्यांच्या शेतांत लावणी-कापणीला गेली. लेक जनी एकदा म्हणाली, "आय, गप ऱ्हायली असतीस तर? कोन बघत होतं?"

"मी होते ना तितं."

पुढच्या जानेवारीत महिपती दारात उभा राहिला. "चला. नव्या बायकांनी दोन वाफ्यांतली मुळं तोडली. साहेबांनी बोलावलंय."

या खेपेला खताच्या वाफ्यातली मुळं हातभर निघाली, गाठी जवळजवळ दुप्पट. फणसे साहेब बादलीशेजारी उकिडवे बसून बघत होते. "तुम्ही तेव्हा बोलला नसता तर..." एवढंच म्हणाले आणि उठले.

संध्याकाळी महिपतीने तिला वही दाखवली. तक्त्याखाली साहेबांच्या अक्षरात एक ओळ होती. मोजणी: धोंडुबाई.

"माजं नाव कुटनं कुटवर?" तिने विचारलं.

महिपतीने दाखवलं. तिने बोट पुढे केलं, पण हात ओला होता. शाई फुटेल म्हणून तिने ते मागे घेतलं.