ओहोटी लागल्यावर

चंद्रावतीबाईंनी फळ्यावरच्या प्रश्नावर आडवी रेघ मारली.

"'गुणाजीने काय केले?' याचं उत्तर कागदावरच लिहिलंय, विशाल. बोट ठेव बघू."

विशालने बरोबर ओळीवर बोट ठेवलं. "पण बाई, परीक्षेला असंच येतं."

"परीक्षेला येऊ दे. इथे ते विचार, जे वाचूनही तुला कळलं नाही."

"मला सगळंच कळलं."

पडवीत हशा पिकला. बाईही हसल्या आणि फडक्याने हात पुसत पुढच्या मुलाकडे वळल्या.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाई दर रविवारी पेणहून सकाळच्या गाडीने कासूला उतरत आणि रिक्षाने खाडीकाठच्या या गावात येत. वाचनाच्या तासासाठी जनूबाबांनी आपली पडवी दिली होती. तास चालू असताना ते खांबाला टेकून सुंभ वळत बसत. मध्ये बोलत नसत.

आजच्या कागदावर जनूबाबांच्याच वडिलांची, गुणाजीची गोष्ट होती. गावातल्या प्रत्येकाला ती पाठ होती, बाईंनी ती लिहून काढली होती. अवसेच्या उधाणात खाडीचा बांध फुटून खांड पडली. गाव झोपेत होतं. गुणाजी एकटाच धावला, खांडीत आडवा पडला आणि त्याने रात्रभर पाठीवर पाणी अडवलं. उजाडता गाव आलं तेव्हा तो तिथेच पडलेला होता. शेतं वाचली. तेव्हापासून नारळी पुनवेला उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारापाशी, पहिला नारळ गुणाजीच्या घरचा असतो, आता तो जनूबाबा वाहतात आणि एक मूल ही गोष्ट मोठ्याने वाचतं. यंदा वाचणार होती प्रतिक्षा, जनूबाबांची नात.

तिने अजून काहीच विचारलं नव्हतं. ती कागद मांडीवर ठेवून पेन्सिलीचं टोक चावत होती.

"प्रतिक्षा?"

"बाई, रात्रभर कसं?"

"म्हणजे?"

"भरती रात्रभर नसते ना. मध्यरात्रीनंतर ओहोटी लागली असणार. पाणी उतरलं, मग तो सकाळपर्यंत पडून कशाला राहिला?"

कोणी हसलं नाही. खाडीकाठची पोरं ती. कागदाकडे बघता बघता सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. विशालने बोटांवर भरतीच्या वेळा मोजल्या आणि मान हलवली.

खांबापाशी सुंभ वळणारे हात थांबले होते. जनूबाबांनी सुंभाची गुंडाळी बाजूला ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि ते पायऱ्या उतरून बांधाच्या दिशेने गेले.

बाईंनी प्रश्न फळ्यावर लिहिला. त्यावर रेघ मारली नाही.

तास सुटल्यावर प्रतिक्षाची आई दिपिका चहा घेऊन आली. कप ठेवला, पण ती आत गेली नाही.

"बाई, तुम्ही शिकवता ते चांगलंच हाय. पण पोरीने आज आज्यालाच खोटं पाडलं."

"तिने विचारलं फक्त."

"गावात असंच म्हणतील. अजून पुनवेला नारळ वाहायचा हाय आमाला. तुम्ही तिला सांगा, प्रश्न चुकला म्हणून. तुमचं ऐकेल ती."

दारामागे प्रतिक्षा उभी होती. तिचे पाय दिसत होते. बाईंनी चहा सावकाश संपवला. नाही म्हणावं तर घर दुखावतं, पडवी जाते. हो म्हणावं तर ही पोर पुन्हा कधी तोंड उघडणार नाही.

"प्रश्न चुकला नाही, दिपिका," त्या म्हणाल्या. "चुकला असं मला सांगता यायचं नाही. जनूबाबा नको म्हणाले तर मी पुढच्या रविवारी येणार नाही."

दिपिकाने रिकामा कप उचलला.

पुढच्या रविवारी रिक्षातून उतरताना बाईंनी पिशवी नेहमीपेक्षा घट्ट धरली होती. पडवीचं फाटक उघडं होतं. मुलं आलेली होती, पण आवाज नव्हता. बाई जिथे बसत, त्या चटईवर जनूबाबा बसले होते. हातात सुंभ नव्हतं.

"बसा, बाई," ते म्हणाले. "आज तुम्ही खांबाला टेका."

बाई टेकल्या.

"कोण गो ती विचारणारी?" त्यांनी मुलांवरून नजर फिरवली, जणू घरातल्या नातीला ते ओळखतच नव्हते. प्रतिक्षाने हात अर्धा वर केला.

"पूर्ण कर हात. घाबरतेस कशाला? हेच मी माझ्या आयला विचारलेलं. ह्याच पडवीत. तुझ्याएवढा असेन."

दाराशी दिपिका येऊन उभी राहिली होती.

"भरतीला बाप खांडीत आडवा पडला, ते खरं. आय वरून पेंढा नि चिखल टाकत होती. पुतळी तिचं नाव. मग ओहोटी लागली, तसा तो उठला. सकाळची भरती चढायच्या आत खांड भरायची होती ना. उजाडेस्तोवर दोघांनी चिखल ओढला. खांड भरली आणि बाप तिथेच आडवा झाला. दमला, निजला."

"आणि गाव तेव्हा आलं?" विशालने विचारलं.

"तेव्हा आलं. पडलेला दिसला, तर म्हणाले रात्रभर पडला."

"पण पुतळीआजी?" प्रतिक्षा पुढे सरकली. "ती नाय दिसली त्यांना?"

"ती घरी आलेली."

"तेवढ्यात कशाला आली?"

जनूबाबांनी टॉवेल खांद्यावरून काढून गुडघ्यावर पसरला, त्याची एक घडी घातली.

"मी होतो ना," ते म्हणाले. "पाळण्यात. शेजारच्या ठमाबाईकडे ठेवलेला. रात्रभर भुकेने रडत होतो."

बाहेर कोणाची तरी सायकल वाजत गेली.

"बाबा, हे तुम्ही इतकी वर्षं सांगितलं नाही कधी?" बाईंनीच विचारलं.

"कोणी विचारलं नाय."

प्रतिक्षाने मागच्या रविवारचा कागद पिशवीतून काढला. 'एकटाच' या शब्दावर तिने पेन्सिल टेकवली, पण खोडण्याआधी बाईंकडे बघितलं. बाईंनी जनूबाबांकडे बघितलं.

जनूबाबा चटईवर थोडे सरकले आणि शेजारी जागा केली.

"इथे येऊन लिही," ते म्हणाले. "आणि पुनवेला तुझ्या आईला पण घेऊन चल उघाडीवर. यंदा नारळ माझ्या नको, तिच्या हातात राहू दे."