दुसरं खोड

अंगणातलं झाड छपरावर पानं गाळून पन्हळ तुंबवायचं, म्हणून आत्याने ते तोडायचं ठरवलं. करवतवाला दुपारी येणार होता. भाचीचं तोंड एवढंसं झालं. दिवसभर त्या झाडावर असायची म्हणूनच तर तिला सगळे खारूताई म्हणत.

"रडून झाड वाचत नाही, मोजून वाचतं," आजोबा म्हणाले. त्यांनी एका दोरीला गाठ मारली. "खोडाला वेढा घालायला टोकापासून गाठीपर्यंतची दोरी पुरली नाही, तर पालिकेच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. मोजायचं छातीच्या उंचीवर."

खारूताईने झटकन वेढा घातला. दोरी पुरली नाही.

"वाचलं!"

"कुणाच्या छातीवर मोजलंस?" आत्या हसली. "उद्या मांजराच्या छातीवर मोजशील! नियम मोठ्या माणसांचा आहे, बाईसाहेब."

आत्याने स्वतःच्या छातीशी दोरी धरली. तिथे खोड फुटून त्याची दोन झाली होती. जवळच्या खोडाला वेढा बसून गाठ बाहेर लोंबायला लागली.

"झालं! हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

खारूताईने आजोबांकडे पाहिलं. आजोबा काही केल्या उत्तर सांगेनात.

"आत्याने काय मोजलं?" त्यांनी एवढंच विचारलं.

"खोड."

"सगळं?"

खारूताई थबकली. मग ओरडलीच, "अर्धं! आत्या, तू अर्धंच झाड मोजलंस! ते दुसरं काय शेजाऱ्यांचं आहे?"

"लहान तोंडी मोठा घास! बाबा, हे तुमचे लाड!"

"माझं ऐकू नकोस. पालिकेला विचार."

आत्याने तणतणत फोन लावला. वृक्ष अधिकारी म्हणाले, "छातीच्या खालीच खोड फुटलं असेल तर दोन्ही घेरांची बेरीज करायची. आणि फांदी छाटून काम भागत असेल, तर तोडायची परवानगी मिळणार नाही. उद्या येऊन बघतो."

करवतवाला पाणी पिऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी बेरीज केली, ती गाठीच्या पुढे गेली म्हणून तोडायला नकार दिला आणि छपरावर आलेली तेवढी एक फांदी छाटायला सांगितली. करवतवाला परत आला. कापताना खारूताईने त्याला बजावलं, "खोडाजवळचा फुगीर भाग सोडून हं. नाहीतर जखम भरत नाही. आजोबांनी शिकवलंय."

आत्या शिडी धरून उभी होती. पन्हळ मोकळी झालेली पाहून ती म्हणाली, "पुढच्या वर्षी फांदी परत वाढली तर?"

"तर परत छाटू," वरून खारूताईचा आवाज आला. ती दुसऱ्या खोडावर बसली होती.

"अगं, कधी चढलीस?"

"तू पहिलंच बघत होतीस तेव्हा!"