म्हशीची तब्येत

भिकाजीच्या गळ्याला गाठ आली आणि गावभर आजारी पडली ती त्याची म्हैस. सुरुवात त्यानेच केली. दुकानावर कोणीतरी विचारलं, "पेजच कित्याक खातंस रे?" तर म्हणाला, "माका काय झाला नाय. म्हशीक गिळूक येणा नाय, तिका सोबत करतंय." लोक हसले, आणि समजायचं ते समजले. मग दोन महिने बाजारात, देवळाकडे, जो तो त्याच्या बायकोला, सीतेला, विचारी, "म्हस कशी आसा गो?" नवऱ्याच्या आजाराचं नाव घेण्यापेक्षा ते बरं, एवढी गावाची रीत तिलाही ठाऊक होती. पण गोव्याच्या मोठ्या इस्पितळात चला म्हटलं, की भिकाजी म्हणे, "म्हशीक एस्टीत घेनत नाय."

वरच्या वाडीतला धोंडू मात्र सरळ माणूस. त्याला म्हैस म्हणजे म्हैस. जानेवारीतल्या एका सकाळी तो कणकवलीहून गुरांचा डॉक्टर घेऊनच एसटीतून उतरला.

डॉक्टर घाटावरचे, तरुण. त्यांनी म्हशीचं तोंड उघडून पाहिलं, गळा चाचपला. तेवढ्यात म्हशीने त्यांच्या पिशवीचा बंद चावून गिळला.

"हिला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "गिळता येत नाही असं कोण म्हणालं?"

धोंडूने सीतेकडे पाहिलं. सीतेने जमिनीकडे.

"समजा, डाक्टरानु," ओट्यावरून भिकाजीचा घोगरा आवाज आला, "गाठ आसा. दोन म्हयने झाले. आता पेजय अडकता. अशा म्हशीचा काय करूचा?"

डॉक्टर वळले. त्याच्या गळ्याला गुंडाळलेल्या पंच्याकडे बघत राहिले. मग म्हशीच्याच पाठीवर हात ठेवून बोलले, "मोठ्या इस्पितळात न्यावी. आज-उद्याच."

"नाय न्हेली तर?"

"पावसाळा बघणार नाही."

"आणि न्हेली तर?"

"ते तिथले सांगतील. मला नाही सांगता येणार. पण म्हशीला कोणी 'येतेस का' म्हणून विचारत बसत नाही. नेतात."

त्यांनी जुन्या छापील कागदावरचं 'रत्नागिरी' खोडून नव्या जिल्ह्याचं 'सिंधुदुर्ग' केलं, खाली 'म्हैस निरोगी' असं लिहिलं आणि सही करून कागद सीतेला दिला.

"बरा झाला," धोंडू म्हणाला. "माका उगाच घोर लागललो." त्याला चहा मिळाला.

ते दोघे गेल्यावर सीतेने ट्रंकेतून दोन लेंगे काढले, एक चादर काढली, पिशवीत भरली. भिकाजी बघत होता. अडवलं नाही.

"उद्याच्या गाडीक?"

"व्हय."

मग त्याने विचारलं, "दुखतला काय गो माका?"

हा एकदा तरी म्हशीला बाजूला सारून बोलेल, म्हणून ती दोन महिने वाट बघत होती. आता तो बोलला.

"तिका इचारून सांगतंय," ती म्हणाली, आणि पाण्याची बादली घेऊन गोठ्यात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.