सेकंड शिफ्टच्या गोष्टी

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्या जातीचं यंत्र पाहिलंही नसेल. मी एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर आहे. रंग चंदेरी, जन्म परदेशातला आणि पोटात डिजिटल टीव्ही ट्यूनर. ट्यूनर म्हणजे हवेतून येणाऱ्या वाहिन्या पकडणारा भाग. माझा सगळा तोरा त्याच्यावर होता, आणि माझी सगळी शोभा झाली तीही त्याच्याचपायी.

जर्मनीतल्या एका दुकानात मी मांडणीवर बसलो होतो. शेजारी माझाच एक साधा, बिनट्यूनरचा भाऊबंद होता. नंदकिशोरराव तिथे आले. हे गृहस्थ महाळुंग्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. नव्या मशिनरीची माहिती घ्यायला कंपनीनं त्यांना तिकडे धाडलं होतं. त्यांनी चिंचवडला घरी फोन लावला.

"अहो, साधा घ्या. लावला की लागला पाहिजे आणि टेप करता आलं पाहिजे, बास," पलीकडून पद्माताई म्हणाल्या.

"अगं, पण ह्याच्यात डिजिटल ट्यूनर आतच आहे! केबलवाल्याची कटकटच मिटली."

इंजिनिअर माणसाला जास्तीचं बटण दिसलं की राहवत नाही. मी बॅगेत स्वेटरांमध्ये गुंडाळला जाऊन चिंचवडला आलो. मला पाहायला अख्खी सोसायटी जमली. नंदकिशोररावांनी माझं बटण दाबलं आणि मी वाहिन्या शोधू लागलो. शोधशोध शोधल्या. पडद्यावर अक्षरं उमटली: एकही वाहिनी सापडली नाही. मला जी भाषा समजत होती, ती इथल्या हवेत कुणी बोलतच नव्हतं.

"नंदूशेठ, जर्मनीला कळवा, सिग्नल पोचत नाही म्हणावं," खालच्या मजल्यावरचे पिंटूशेठ म्हणाले आणि सगळे खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हसल्या नाहीत त्या एकट्या पद्माताई. त्यांनी मला उलटं फिरवलं, मागची पिवळी, लाल, पांढरी भोकं निरखली आणि म्हणाल्या, "हवेतलं नाही तर नाही. वायरीतलं तर घेईल ना?"

वायरीतलं मी उत्तम घ्यायचो. आणि तिथून माझे सुखाचे दिवस सुरू झाले.

त्यांची मुलगी ऋता तेव्हा लहान होती. बाबांच्या गोष्टीशिवाय ती झोपायची नाही. पण बाबांना एक आठवडा फर्स्ट शिफ्ट असायची, तर पुढचा आठवडा सेकंड. सेकंड शिफ्टला बाबा दुपारी घराबाहेर पडत आणि ऋता झोपल्यावर परतत. तो सगळा आठवडा घरात रडारड. शेवटी पद्माताईंनी तोड काढली. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात शेजारच्यांचा कॅमेरा मागून आणायचा, बाबांना खुर्चीत बसवून गोष्ट सांगायला लावायची आणि ती माझ्यात, डिस्कवर उतरवून ठेवायची. सेकंड शिफ्ट लागली की संध्याकाळी मला सुरू करायचं.

काय आवाज होता तो! भरदार, खर्जातला, मध्येच खोडकर. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये नोकरीला लागलेल्या कावळ्याची गोष्ट तर मलाही पाठ झाली होती. बाबा खुर्चीत नसत, पण त्यांच्या गोष्टीत ऋता गाढ झोपून जाई. तेव्हा मला ट्यूनरचं दुःख आठवतही नसे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. माझ्यात भरलेली डिस्क शेवटी 'फायनलाइज' करावी लागते, म्हणजे कायमची बंद करावी लागते. मग ती कुठेही चालते. बंद केली नाही, तर तिच्यात आणखी भरता येतं, पण ती फक्त माझ्यातच चालते. दुसऱ्या यंत्रात घातली तर कोरी दिसते. पद्माताईंनी ती डिस्क कधीच बंद केली नाही. "अजून जागा आहे की तिच्यात. पुढच्या आठवड्यात एखादी गोष्ट बसेल," असं त्या दर वेळी म्हणत.

पुढचे आठवडे आले आणि गेले. ऋता मोठी झाली. घर बदललं, भिंतीवर पातळ टीव्ही आला आणि मी नकोसा झालो. डिस्क घरीच राहिली आणि नंदकिशोररावांनी मला महाळुंग्याच्या खंडूभाऊंना देऊन टाकलं. खंडूभाऊ त्यांच्याच खात्यात होते. पोराच्या लग्नाची डिस्क त्यांनी माझ्यावर पाहिली आणि विषय संपला. मात्र माझ्या तोंडावर हिरवे आकडे वेळ दाखवतात, हे त्यांच्या बायकोच्या, सोजरबाईंच्या ध्यानात आलं. त्यांच्या चाळीत कंपन्यांतली पोरं भाड्यानं राहत. सोजरबाईंनी मला ओट्यावर, खिडकीशी ठेवलं. येता-जाता पोरं माझ्याकडे बघत आणि शिफ्टला पळत. मी घड्याळ झालो. अपमान गिळला आणि वेळ मात्र चोख दाखवत राहिलो.

आणि एके दिवशी ऋता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आता ती आकुर्डीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकत होती. सोबत पद्माताई होत्या.

"मावशी, हे मला परत पाहिजे," ऋता म्हणाली.

"आं? घड्याळ नेतीस व्हय? आन् माझ्या पोरान्ला शिफ्टचं कोन सांगंल?" सोजरबाईंनी माझ्यावर हातच ठेवला. "न्हाई बाई, त्ये हाय तिथं ऱ्हाऊ द्या."

मग पद्माताई बोलल्या. नंदकिशोररावांच्या घशात गाठ निघाली होती. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते बोलण्यासाठी फोनवर अक्षरं लिहीत आणि फोन ती वाचून दाखवी. पण तो आवाज कुणा परक्याचाच! तो ऐकला की तेच फोन पालथा घालत. हळूहळू त्यांनी लिहिणंही सोडलं. माणूस घरात होता आणि घरात नव्हता. माणसाचा जुना, स्वच्छ आवाज मिळाला तर त्याच आवाजात बोलायला फोनला शिकवता येतं, हे ऋतानं शोधून काढलं होतं. पण आजारापूर्वी कितीतरी वर्षं त्यांचा घसा बसलेला. फोनमध्ये होतं ते सगळं घोगरं. धड आवाज उरला होता फक्त त्या डिस्कवर, आणि ती चिंचवडच्या प्रत्येक दुकानात कोरी दिसत होती.

सोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. "आवं वैनी, आदी न्हाई का सांगायचं? न्या, न्या! आमी कोंबड्यावर उठू, पर सायबाचा आवाज गावला पायजे."

ऋतानं मला घरी आणलं तो गुरुवार होता. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. "उद्या करू गं," पद्माताई म्हणाल्या.

"आई, उद्या-उद्या करूनच ती डिस्क उघडी राहिली," ऋता म्हणाली. पद्माताई वायरी सोडवू लागल्या.

पण माझा ट्रे उघडेना. आतला रबरी पट्टा इतक्या वर्षांत वाळून गेला होता. कोपऱ्यात पाठ करून बसलेले नंदकिशोरराव माझी घरघर ऐकून वळले. बंद पडू पाहणाऱ्या मशीनचा आवाज त्यांना बरोबर कळतो. ते उठले, पेचकस घेऊन आले आणि माझं झाकण काढलं. जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा काढून मला बसवला, डिस्क वाचायची माझी काच स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. किती दिवसांनी त्यांचे हात कशाला तरी लागत होते! मी मनाशी म्हटलं, आता मोडून पडलो तरी चालेल, पण ह्यांचा आवाज देऊनच पडेन.

वायर निघाल्यामुळे माझी आठवण पुसली गेली होती. सुरू होताच मी सवयीनं वाहिन्या शोधायला लागलो. ते संपल्याशिवाय मला दुसरं काही करताच येत नाही.

"आता हे काय शोधतंय?" ऋता वैतागली.

"शोधू दे. त्याची जुनी खोड आहे ती," पद्माताई म्हणाल्या.

एकही वाहिनी सापडली नाही. मग डिस्क फिरू लागली आणि खोलीत तो आवाज घुमला. ऋतानं माझ्या वायरी लॅपटॉपला जोडल्या होत्या. पहिली गोष्ट नीट उतरली. नंदकिशोरराव जमिनीकडे बघत बसले होते. दुसरी गोष्ट निम्मी झाली आणि वीज गेली.

कुणी जागचं उठलं नाही. दुपार ढळली तेव्हा वीज आली, आणि मी काय करावं? पुन्हा पहिल्यापासून वाहिन्या शोधायला लागलो! मला स्वतःचीच लाज वाटली. पण ती तिघं माझ्यासमोर मांडी घालून बसून राहिली. पुढे कावळ्याच्या गोष्टीत माझी नजर अडखळली. नंदकिशोररावांनी पुन्हा काच पुसली. मी पुन्हा अडखळलो, त्यांनी पुन्हा पुसली. तेही हटेनात आणि मीही हटेना. शेवटी मी सगळ्या गोष्टी वाचल्या, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत.

पुढचं काम ऋतानं केलं. एका सकाळी तिनं फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी सावकाश लिहिलं आणि बटण दाबलं.

"पद्मा, चहा टाक गं. घसा गेला, तल्लफ कुठं गेलीय?"

"टाकते," पद्माताई सवयीनं म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. तिथे त्यांना कळलं आपण कुणाला उत्तर दिलं ते. चौकटीला धरून त्या खालीच बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. नंदकिशोररावांनी चहा स्वतः केला.

मित्रांनो, माझा ट्रे आता पुन्हा रुसलाय, काचेनंही हात टेकलेत. तरी माझी तक्रार नाही. तुम्हाला मात्र एकच सांगतो. आपल्या माणसांचा आवाज धड आहे तोवर तो साठवून ठेवा, आणि 'अजून जागा आहे' म्हणून काम अर्धवट सोडू नका. जुनं यंत्र घराबाहेर काढताना त्याच्या भरवशावर आपलं काय राहिलंय, ते आधी बघा. बाकी पुष्कळ सांगण्यासारखं आहे, पण आता मला गप्प बसू द्या. बाहेरच्या खोलीत नंदकिशोरराव बोलताहेत.