जवळ्याच्या खळ्यावरचा फोटो

खळ्यावर बायका सात, टोपल्या चौदा, खराटे चार, कुत्री तीन. कावळे बत्तीस भरले, पण मोजता मोजता काही उडाले, म्हणून कान्हानं वहीत 'सुमारे तीस' असं लिहिलं. वेळ दुपारचे अडीच. आश्विनातलं ऊन चरचरत होतं. सारवलेल्या जमिनीवर पसरलेला जवळा वरून पांढरट दिसायला लागला होता, म्हणजे आता बायकांनी तो हातानं वरखाली करायला हवा होता.

त्या करत नव्हत्या. सातही जणी नवी लुगडी नेसून ओळीत उभ्या होत्या.

कान्हा हा थळच्या कोळीवाड्यातला पहिला बी.एस्सी. मत्स्य खात्यात एक जागा निघाली होती, आणि मुलाखतीला येताना मासळी सुकवण्याच्या कामाचे तीन तरी फोटो आणावेत असं पत्रात लिहिलं होतं. मुलाखत आठवड्यावर आली होती. मित्राकडून मागून आणलेला डबा कॅमेरा, त्यात आठ फोटोंचा एकच रोल. तीन आठवडे तो खळ्यावर खेपा घालत होता आणि पाच फोटो वाया गेले होते. पाचांतही त्याच बायका, हात मांड्यांना चिकटवलेल्या, डोळे वटारलेल्या.

त्यांनी जन्मात एकच फोटोवाला पाहिला होता, अलिबागचा. श्वास घेतलात तर तोंड पुसलं जाईल, असा दम त्यानं भरला होता. हा कॅमेरा सेकंदाच्या पंचविसाव्या भागात फोटो घेतो, हे कान्हानं चारदा समजावलं. त्यांच्यातली केसर म्हणाली की एवढ्या वेळात तिचं नाकसुद्धा पुरतं यायचं नाही, आणि सगळ्या हसल्या. हसणं संपताच पुन्हा खांब.

"आत्या, तुम्ही जवळा हलवा, मग मी काढतो," कान्हा दातओठ खात म्हणाला.

खळं भागुबाईचं, आणि भागुबाई त्याची सख्खी आत्या. ओठ न हलवता ती म्हणाली, "तू आधी काढ. मग आमी हलवतो."

यात चाळीस मिनिटं गेली. कान्हा पेटीवर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या काचेत मान खाली घालून बघत राहिला. कधी ना कधी यांचे पाय दुखतील, या वाकतील, हा त्याचा हिशेब. काचेतला उजेड कमी होत चालला, तेव्हा तो उजेडावरही वैतागला. मान वर करून आभाळाकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

पहिला टपोरा थेंब वहीवर पडला. डोंगराकडून आलेला ढग बायकांच्या पाठीशी काळाकुट्ट उभा होता.

ओळ फुटली. सातही जणी वाकल्या, खराटे चालले, टोपल्या सरकल्या. भागुबाई नव्या लुगड्याचा ओचा पसरून ओंजळीओंजळीनं जवळा त्यात लोटत होती. कॅमेऱ्याकडे एकीचंही लक्ष नव्हतं. कान्हाचा अंगठा खटक्यावर होता. काचेत सगळं होतं, तीन आठवडे हवं होतं तसं.

त्यानं कॅमेऱ्यावर रिकामी टोपली पालथी घातली आणि खळ्यात धावला.

पाऊस पाव तास कोसळला आणि थांबला. जे हाती लागलं ते खळ्याकडेच्या झोपडीत लोटून सगळ्या दारात टेकल्या. भागुबाईच्या लुगड्याला मासळीचा चिखल लागला होता. फोटो निघाला का, असं तिनं विचारलं. तो नाही म्हणाला.

"वारा फिरला तवाच मला पाऊस कळला होता रं," ती म्हणाली. "पन तुझी नोकरी हाय म्हनून हलले न्हाय मी. आनि तू फोटो काढलाच न्हाय?"

कान्हा म्हणाला, "पुढं बघून उभं राहायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुझ्या बानं," आत्या फणकारली आणि तोंड फिरवून ओचा पिळायला लागली.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. वाचलेला जवळा वाळला, भिजलेला कुजला, तो माडांच्या खताला काढला. कान्हानं पायली घेऊन दोन्ही मापले. वाळलेला अकरा पायल्या. खताला गेला तो सव्वीस पायल्या. रोलवर फोटो शिल्लक तीन.