बुडावरची फुली

मी एक जुना पितळी पेला आहे. माझ्या बुडावर खिळ्याने ओढलेली एक फुली आहे. मित्रांनो, ती नव्हती त्या शेवटच्या दिवसापासून सांगतो.

अंजनगाव सुर्जीचे खुशालराव पानमळ्यातून आले, ओसरीवर बसले आणि माझ्यातले अर्धे पाणी प्यायले. उरलेले त्यांनी मुलीपुढे धरले. भामा तेव्हा नुकतीच शाळेत शिकवू लागली होती.

“पे माय. माह्यं उष्टं पेशीन तं माह्यासारखी बोलकी होशीन.”

“मंग पोट्टे कवा बोलतीन, बाबा? आत्ताच त्यायले सवड भेटत नाही.”

खुशालराव हसले. हसता हसता खोकले. माझ्या काठावर एक लाल ठिपका उतरला. तो भामाच्या आधी मी पाहिला.

अमरावतीच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला, पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि भांडी वेगळी ठेवायला सांगितली. इतर भांड्यांत माझी सरमिसळ होऊ नये म्हणून भामाच्या आईने, माणिकबाईंनी, मला पालथे घालून फुली ओढली. तेव्हापासून मी एकट्या खुशालरावांचा झालो.

दोन महिन्यांत खोकला कमी झाला, अंगावर मांस चढले. आणि मग भीती आली. पाणी पिण्याआधी ते मला हुंगू लागले. पानवेलींच्या आडून कोणी आपले नाव घेते, असे म्हणू लागले. एका दुपारी ते पायातल्या वहाणा न काढता मळ्यात धावले. पानमळ्यात कोणी वहाणा नेत नाही. वेल बाटतो, असे मानतात.

“झालं,” शेजारच्या रुख्मिणीकाकू म्हणाल्या, “मळ्यानंच झपाटलं त्यायले. नारळ फोडा.”

वहाणांमुळे भ्रम झाला, की भ्रमामुळे वहाणा पायात राहिल्या, हे कोणी विचारले नाही. नारळ फोडला. डॉक्टरांना कळवले नाही.

“भामे, ह्याच्यात काय टाकलं व?”

“काही नाही, बाबा.”

तेव्हा ते खरे होते. मग खुशालराव गोळ्या थुंकू लागले. बाबा जगावेत म्हणून भामा गोळी कुटून दुधात घालू लागली. ते रोज विचारत आणि ती तेच उत्तर देई. मला तोंड आहे, पण वाचा नाही.

“तळाशी पांढरं काय हाय?”

“साय हाय, बाबा.”

“साय वर येते, माय. तळाशी नाही बसत.”

त्यांनी मला उलटे केले. दूध जमिनीवर पसरले. बुडावरची फुली त्यांनी बोटाने चाचपली.

“फुली मारली माह्यावर,” ते हळूच म्हणाले. “तुमी पह्यलेच मारली.”

मला दारात पालथे ठेवून ते चालू लागले.

नवव्या दिवशी ते अकोल्याच्या स्टेशनाबाहेर सापडले. श्वास नव्हता. तिथला एक हमाल म्हणाला, “कोनाच्या गिलासातलं पानी घेत नोयते. नळाले ओंजळ लावत, तेही वास घेऊन.”

उरलेल्या गोळ्या परत करायला भामा अमरावतीला गेली. डॉक्टर म्हणाले, “एखाद्याचं डोकं याच गोळीनं फिरतं, बाई. कळवलं असतं, तर थांबवून पाहिली असती.” हे तिने कोणाला सांगितले नाही. आईलाही नाही. मला फळीवर पालथे घालताना तेवढी पुटपुटली.

आठ वर्षे मी फळीवर पालथा होतो. मित्रांनो, चिंच लावून मला लख्ख करा, असे मी म्हणणार नाही. घाबरलेल्या माणसाने ‘यात काय आहे’ असे विचारले, तर त्याला खरे सांगा. आणि त्याची भीती डॉक्टरांच्या कानावर घाला. एवढेच मागतो.

परवा भामाने मला खाली काढले, पाण्याने भरले आणि दारात ठेवले. जिथे त्यांनी पालथे ठेवले होते, तिथेच, पण सुलटे. ती शेजारी बसली. अर्धे पाणी प्यायली, अर्धे तसेच ठेवले. मग रस्त्याकडे पाहत मोठ्याने म्हणाली,

“बाबा, साय नोयती. गोळी होती. मीच टाकत होती.”