मातीत सांडलेला चीक

जनावरांच्या वाडग्याच्या दगडी भिंतीवर माणसं चढून बसली होती. वायराकुंका वस्तीतली सगळी घरं रिकामी होती, कुत्रीसुद्धा भिंतीपाशी येऊन बसली होती. मध्ये पाण्याची परात. परातीपुढे वैदू एव्हारिस्तो गुडघे टेकून बसला होता; सगळे त्याला मानाने तायता म्हणत. त्याच्या एका हातात काळा गिनीपिग होता आणि दुसऱ्या हाताखाली लोकरीसाठी पाळलेल्या अल्पाकाचं दहा दिवसांचं पिल्लू.

"मागे सरका! पाण्यावर सावली पडली तर रोग परत फिरतो," तो ओरडला.

माणसं मागे सरकली. त्याने गिनीपिग पिल्लाच्या अंगावरून, डोक्यापासून शेपटीपर्यंत तीनदा फिरवला. मग अंगावरच्या सैल लोकरी पोंचोच्या घोळाखाली, परातीतल्या पाण्यातच गिनीपिगला सोलून त्याचं पोट फाडलं. पाणी लाल झालं. एव्हारिस्तोने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि हात वर केले. बोटांत चार पांढरे, वीतभर लांब किडे लोंबत होते.

भिंतीवरून एकच हाय उठली.

"बघून घ्या! कालपर्यंत हे या पिल्लाचं रक्त पीत होते. मी हाक मारली, गिनीपिगच्या पोटात येऊन बसले. ज्याला शंका असेल त्याने यावं आणि हात लावून बघावं!"

हात कुणी लावला नाही. पिल्लू उठलं आणि टणाटण उड्या मारत आईकडे पळालं. बायकांनी डोळे पुसले. ते पिल्लू आजारी होतं, असं तायत्याखेरीज कुणी म्हटलंच नव्हतं, हे त्या घटकेला कुणाच्या ध्यानात आलं नाही. बासिलियाच्याही आलं नाही. ती पुढेच बसली होती, आणि सगळ्यांत मोठ्याने रडत होती.

तिला रडायला कारण होतं. मागच्या पावसाळ्यात तिची निम्मी पिल्लं गेली होती. सकाळी दूध पिणारं पिल्लू दुपारी पोट फुगून आडवं व्हायचं आणि सूर्य मावळायच्या आत मान टाकायचं. यंदा पिल्लं यायला लागली तेव्हा तिचा नवरा मेलितोन दोन दिवस चालून खालच्या खोऱ्यात गेला आणि एव्हारिस्तोला घेऊन आला.

एव्हारिस्तोने उपाय सांगितला. "किडा आईच्या दुधातून उतरतो. तो पहिला पिवळा चीक दिसतो ना, दाट, चिकट? तो पिल्लाचा नव्हेच. तो पाचामामाचा वाटा. धरणीला द्या. पिल्लाला तीन दिवस माझ्या पुडीतलं पाणी पाजा. चौथ्या दिवशी आईला लावा."

"आणि भूक लागली तर?" कुणीतरी विचारलं.

"तुला पिल्लू हवंय की त्याची भूक?"

लोक हसले. घरटी एक एक लोकरीचा गठ्ठा तायत्याच्या खोपटात जाऊन पडला.

बासिलियाने सांगितलं तसंच केलं. अल्पाका सकाळच्या उन्हात वितात. ती पहाटेपासून वाडग्यात उभी असायची. पिल्लू ओलंचिंब, थरथरत उभं राहायचं, आईच्या पोटाखाली तोंड खुपसायचं. बासिलिया त्याला दोन्ही हातांनी मागे ओढायची, मादीचे सड पिळून चीक जमिनीवर सोडायची आणि म्हणायची, "घे आई, तुझं तू घे." पायाखाली घोट्याएवढी लेंड्यांची रेंदाड होती. चीक त्यात मिसळून जायचा.

आठव्या-नवव्या दिवसापासून पिल्लं मरायला लागली. मागच्या वर्षी निम्मी मेली होती. या वर्षी मागे राहतील तेवढी मोजायला एक हात पुरेल, अशी वेळ आली.

लोक तायत्याकडे धावले. तो विचारात पडल्यासारखा बसला, कौल लावायला कोकाची पानं फडक्यावर पसरली आणि म्हणाला, "कुणीतरी चोरी केलीय. कुणाच्या तरी पिल्लाने धरणीचा वाटा खाल्लाय. ते एक जगतंय, आणि बाकीच्यांचा जीव ओढतंय."

असं पिल्लू शोधायला वेळ लागला नाही. एर्मेलिंदा ही विधवा बाई, वस्तीच्या टोकाला राहायची. तिची मादी वर डोंगरात, कोरड्या गवतात व्याली होती. एर्मेलिंदा गारांतून वर पोचेपर्यंत पिल्लू पोटभर प्यालं होतं. भीतीपोटी तिने कुणाला सांगितलं नाही. आता ते तीन आठवड्यांचं, पांढरंशुभ्र, गुबगुबीत होऊन दारात नाचत होतं.

"मी मुद्दाम नाही पाजलं," ती म्हणाली. "त्याला धरणार कसं? मी तिथे नव्हतेच!"

"मग आता धर," तायता म्हणाला.

तिने धरलं नाही. दोघांनी तिला धरलं आणि मेलितोनने सुरी काढली. बासिलिया तिथेच उभी होती. तिने तोंड फिरवलं, पण थांबवलं नाही.

मारलेलं पिल्लू सोलायला, आतडी धुवायला बासिलियाकडेच आलं. ती ओढ्यावर गेली. त्याच सकाळी मेलेलं स्वतःचं एक पिल्लूही तिने पाटीत घेतलं होतं, खाली पुरायला. एर्मेलिंदाच्या पिल्लाचं पोट तिने फाडलं आणि तिचे हात थांबले. आतडं फिकट, गुलाबीसर, स्वच्छ. जठरात दह्यासारखं दूध. किड्याचा मागमूस नाही. मग तिने आपलं मेलेलं पिल्लूही फाडलं. आतडं जांभळं-काळं, वाऱ्याने टम्म फुगलेलं, आत रक्ताळलेलं पाणी. किडा तिथेही नव्हता.

मेलितोन मागे येऊन उभा राहिला. "काय करतेस?"

"बघते."

"मेलेल्यात काय बघायचंय?"

"आपण कधी बघितलंच नाही ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही आतडी डब्यात, गारांमध्ये दाबून ती तालुक्याच्या गावी चालत गेली. जनावरांची डॉक्टर नेलिदा नावाची तरुण मुलगी होती. तिने हातमोजे घातले, आतडी चिरली, काचेवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि बासिलियाला बोलावलं.

"मावशी, या काड्या दिसतात? हे जंतू. लेंड्यांत असतात, ओल्या वाडग्यात वर्षानुवर्षं टिकतात. मोठ्या जनावरांच्या पोटातही असतात, पण तिथे बाकीचे चांगले जंतू त्यांना दाबून ठेवतात. कोवळ्या पोटात मोकळं रान मिळालं की ते विष तयार करतात."

"मग हे दुसरं का नाही आजारी पडलं? हे तर आम्ही कापलं."

"चीक प्यालं होतं?"

"पोटभर. वर डोंगरात, कोरड्या गवतात जन्मलं होतं."

"अल्पाकाचं पिल्लू आईच्या पोटातून काहीच संरक्षण घेऊन येत नाही. सगळं चिकातून मिळतं, तेही पहिल्या दिवसातच. नंतर आतडं ते आत घेत नाही. शिवाय हे डोंगरात जन्मलं, रेंदाडीत नाही."

मग तिने किड्यांचं विचारलं. पांढरे, वीतभर, दोन्ही टोकांना निमुळते.

"दहा दिवसांच्या पिल्लात?" नेलिदा म्हणाली. "एवढा जंत वाढायला दोन महिने लागतात. पिल्लू आधी की किडा आधी?"

बासिलिया खोऱ्यात वाढली होती. तिच्या आईने डुकरं पाळली होती. असे किडे तिने लहानपणी कुठे पाहिले होते, ते तिला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

"म्हणजे मी…" तिने सुरुवात केली. "सतरा पिल्लं. या हातांनी मागे ओढली."

नेलिदाने तिच्यासमोर बाकडं सरकवलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

परत आल्यावर तिने वस्ती गोळा केली. परात तिची, पाणी तिचं, चुलीमागचा गिनीपिगही तिचा.

"तायता, पुन्हा एकदा करून दाखव. फक्त पोंचो काढून, बाह्या वर करून."

"पोंचोत माझ्या आज्यापणज्यांची शक्ती आहे, बाई."

"म्हणूनच म्हणते. शक्ती तिकडे भिंतीवर ठेव. किडे येतात का बघू."

कुणीतरी खुसकन हसलं. एव्हारिस्तोचा आवाज चढला. "देव कोपेल! उरलेली पिल्लंही जातील!"

"उरलीत कुठे?" मेलितोन म्हणाला. तो पुढे झाला आणि त्याने पोंचो खेचला. आतल्या बाजूला आतड्याची छोटी थैली शिवलेली होती. ती सुटून परातीत पडली, खारं पाणी सांडलं आणि सहा पांढरे किडे तरंगायला लागले.

"डुकराचे आहेत," बासिलिया म्हणाली. "खोऱ्यात डुकरं कापतात तिथे हवे तेवढे मिळतात."

लोक चवताळून उठले, पण तिने हात आडवा केला. एव्हारिस्तोने पोंचो उचलला. जाताना तो एवढंच म्हणाला, "मी आपणहून नव्हतो आलो. तुम्ही बोलवायला आला होतात." ते खोटं नव्हतं.

दोन दिवसांनी नेलिदा आली. तिने माद्या कोरड्या माळावर हलवायला लावल्या आणि मेलेली पिल्लं ओढ्यापासून लांब, खोल खड्ड्यात पुरायला सांगितली. उशिरा व्यालेल्या माद्यांची पिल्लं चीक प्यायली. त्यांतलीही दोन गेली, आणि नेलिदा स्वतःहून म्हणाली, की सगळी जगतील असं मी कधी म्हटलं नव्हतं. बाकीची जगली.

मेलितोन आपली सगळ्यांत चांगली गाभण मादी दोरीला धरून एर्मेलिंदाच्या दारी गेला. बासिलिया मागे होती. एर्मेलिंदा सूत कातत बसली होती. तिने मादीकडे पाहिलं नाही.

"जनावर नको मला," ती म्हणाली. "तायता लबाड होता, त्याचं काय एवढं. तो परका माणूस. तुम्ही तर चाळीसजण होतात. सगळ्यांची पिल्लं मरत होती आणि एक जगत होतं. एकानेसुद्धा विचारू नये, जे जगलंय त्याला का मारायचं? ते कशाने जगलं, ते आधी बघू या?"

मेलितोनने दोरी हाताभोवती गुंडाळली. बासिलियाच्या मनात आलं, एवढा प्रश्न विचारायला शाळा लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागत नाही. चाळीस माणसांत एकाने तोंड उघडायला लागतं, आणि ते वेळेवर उघडावं लागतं.